ॲप मराठीत, पण नेमकी महत्त्वाची ओळ इंग्रजीत का? उत्तर 'लायब्ररी'त दडलंय

माझी मावशी डोंबिवली पूर्वेला राहते. मराठी पेपर रोज शेवटच्या पानापर्यंत वाचते, मोबाईलवर वीजबिल भरते, भजनी मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुपही तीच चालवते. इंग्रजी अक्षरं जुळवून वाचते, पण वाक्य अंगावर आलं की थांबते.

मागच्या वर्षी तिने एका ॲपवर खातं उघडायला घेतलं. भाषा निवडताना 'मराठी' दिसलं, तिने खुशीत निवडलं. नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं मराठीत पार पडलं. मग चेहऱ्याचा फोटो काढायचं पान आलं आणि सगळं इंग्रजी झालं. खाली लाल अक्षरांत एक ओळ येत होती, ती काही तिला लागली नाही. तिने तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा नकार. मग 'उद्या पुन्हा प्रयत्न करा' असा निरोप आला, तोही इंग्रजीतच.

संध्याकाळी मी स्क्रीनशॉट पाहिला. लाल ओळीत फक्त एवढंच लिहिलं होतं की चष्मा काढा.

चष्म्याचं एक दिवसात निभावलं. पण त्याच्या आधीच्या पानावर आणखी एक इंग्रजी परिच्छेद होता. खाली चौकोन आणि 'मी सहमत आहे'चं बटण. मावशीने ते दाबलं होतं. कशाला सहमती दिली, हे तिला आजही सांगता येणार नाही.

एकच ॲप अर्ध्या वाटेवर भाषा का बदलतं? कंपनीने मराठीला मुद्दाम डावललं का? बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. ते समजलं तर आपली मागणी नेमकी कुणाकडे करायची, हेही समजतं.

'लायब्ररी' म्हणजे नेमकं काय?

लग्नाच्या हॉलचं उदाहरण घ्या. हॉलवाला सगळं स्वतः करत नाही. जेवण केटररचं, मांडव डेकोरेटरचा, आवाज साउंडवाल्याचा. पाहुण्याला मात्र सगळं एकाच लग्नाचं वाटतं.

ॲपचंही तसंच असतं. चेहरा ओळखणं, पैसे भरणं, नकाशा दाखवणं, ओटीपी तपासणं, मदतीसाठी चॅट उघडणं, ही कामं प्रत्येक कंपनी पहिल्यापासून लिहीत बसत नाही. दुसऱ्या कुणीतरी तयार करून ठेवलेला कोडचा गठ्ठा आपल्या ॲपमध्ये बसवते. या गठ्ठ्याला 'लायब्ररी' किंवा 'एसडीके' म्हणतात. एकच लायब्ररी शेकडो ॲप्समध्ये असू शकते.

कोडसोबत या गठ्ठ्यात वाक्यंही येतात. 'पुढे जा', 'पुन्हा प्रयत्न करा', 'चष्मा काढा', 'तुमच्या खात्यातून पैसे जातील'. ही वाक्यं ॲपवाल्याने लिहिलेली नसतात, लायब्ररीवाल्याने लिहिलेली असतात. त्याने ती फक्त इंग्रजीत लिहिली असतील तर मराठी ॲपमध्येही ती इंग्रजीतच उगवतात.

म्हणजे मावशीच्या ॲपमध्ये मराठी हॉलवाल्याची होती आणि पंगतीत वाढणारा इंग्रजीत बोलत होता.

याचं सगळ्यांनी पाहिलेलं उदाहरण कोणतं?

फोनपे, गुगल पे, भीम. ॲप कुठलंही असो, यूपीआय पिन टाकायचं पान जवळपास सारखंच दिसतं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. कारण ते पान त्या ॲपचं नसतंच. ते नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या 'कॉमन लायब्ररी'चं असतं. २०१६ मध्ये यूपीआय आलं तेव्हापासून रचना अशीच आहे. पिन त्या लायब्ररीतच टाकला जातो आणि तिथेच सांकेतिक रूपात बंद होतो, ॲपला तो दिसत नाही. सुरक्षेसाठी हे चांगलंच आहे.

भाषेच्या दृष्टीनेही ही रचना बघण्यासारखी आहे. हे पान उघडताना ॲपने रकमेच्या तपशिलासोबत भाषेची पसंतीही कळवावी, अशी सोय त्यात ठेवली आहे. म्हणजे लायब्ररी विचारते, 'समोरच्याशी कोणत्या भाषेत बोलू?' ॲपने उत्तर नीट दिलं आणि लायब्ररीत त्या भाषेची वाक्यं असली, की काम झालं.

त्या पानावरची भाषा किती महत्त्वाची आहे, हे फसवणुकीच्या बातम्या वाचणाऱ्यांना सांगायला नको. 'पैसे पाठवतोय, मिळवण्यासाठी पिन टाका' असं सांगून लोकांना लुबाडण्याचा प्रकार वर्षानुवर्षं चालला. पैसे मागण्याच्या 'कलेक्ट रिक्वेस्ट'चा त्यासाठी इतका गैरवापर झाला, की व्यक्ती-व्यक्तींमधली ही सोय एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. तरी क्यूआर कोड पाठवून तोच डाव अजून खेळला जातो. अशा वेळी फसवणारा आणि खातेदार यांच्यामध्ये एकच गोष्ट उभी असते. पिनच्या पानावरची, पैसे कुणाला जाणार हे सांगणारी ओळ. ती वाचता आली तरच उपयोग.

(लक्षात ठेवा, पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा.)

मग मराठी निवडूनही इंग्रजी का येतं? चार कारणं

पहिलं, लायब्ररीत मराठी नसतेच. अँड्रॉइड ॲपमध्ये प्रत्येक भाषेच्या वाक्यांचा वेगळा कप्पा असतो. मराठीच्या कप्प्याला 'एमआर' ही खूण असते. फोनने 'एमआर' मागितलं आणि तो कप्पा सापडला नाही, तर मूळ कप्प्यातलं वाक्य दाखवलं जातं. मूळ कप्पा बहुतेक वेळा इंग्रजी असतो.

दुसरं, मराठी असते पण ॲप बांधताना गाळली जाते. ॲपचा आकार कमी ठेवायचा म्हणून डेव्हलपर 'फक्त इंग्रजी आणि हिंदी ठेवा' अशी सूचना देतो. मग लायब्ररीवाल्याने मेहनतीने केलेलं मराठी भाषांतर तुमच्या फोनपर्यंत पोहोचतच नाही.

तिसरं, लायब्ररी चुकीच्या माणसाला विचारते. आपल्याकडे कितीतरी जण फोन इंग्रजीत ठेवतात आणि एखादंच ॲप आतून मराठी करतात. ॲपला ते माहीत असतं, लायब्ररीला नसतं. ती थेट फोनला विचारते आणि फोन सांगतो 'इंग्रजी'. ॲपनिहाय भाषा ठरवण्याची अधिकृत सोय आयफोनवर २०१९ मध्ये आयओएस १३ सोबत आली आणि अँड्रॉइडवर २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ सोबत. त्याआधी प्रत्येक ॲपने आपापला जुगाड केला होता आणि त्यातले बरेच जुगाड अजून तसेच आहेत.

चौथं, आयफोनचा घोळ. तिथे वाक्य शोधताना वेगळं काही सांगितलं नाही तर शोध मुख्य ॲपच्या पेटीत होतो, लायब्ररीच्या पेटीत नाही. लायब्ररी लिहिणारा हे विसरला तर त्याचं मराठी भाषांतर जागेवर असूनही सापडत नाही. शिवाय, 'मी मराठीत उपलब्ध आहे' असं मुख्य ॲपनेच जाहीर केलेलं नसेल, तर आयफोन सहसा लायब्ररीलाही मराठी बोलू देत नाही. आणि आयफोनची स्वतःची यंत्रणाच मराठीत आली ती आयओएस १८.४ सोबत, म्हणजे २०२५ मध्ये. २०११ च्या जनगणनेनुसार ८.३ कोटी लोकांची मातृभाषा असलेल्या भाषेला एवढं थांबावं लागलं.

या चारही कारणांत कुणी 'मराठी नको' म्हटलेलं नाही. मराठी हवी का, हे कुणी विचारलंच नाही.

भाषांतर करून चिकटवलं की झालं ना?

इथे आपली मध्य रेल्वे मदतीला येते.

तिकीट दाखवणारी एक लायब्ररी आहे असं समजा. इंग्रजीत तिचं वाक्य सरळ असतं, दोन रिकाम्या जागा आणि त्यात स्टेशनांची नावं. कुणीतरी त्याचं मराठी केलं, 'अमुकहून तमुकला'. आता नावं भरा. 'डोंबिवलीहून कल्याणला' छान. 'कोपरहून ठाकुर्लीला' छान. पण 'ठाणेहून'? 'दिवाला'? 'मुंब्राहून'? 'कळवाला'?

आपण म्हणतो ठाण्याहून, दिव्याला, मुंब्र्याहून, कळव्याला. मराठीत प्रत्यय लागला की शब्दाचं रूप बदलतं. इंग्रजीत नाव जसंच्या तसं राहतं, म्हणून इंग्रजी डोक्याने लिहिलेल्या लायब्ररीला हा प्रश्न पडतच नाही.

लिंगाचंही तसंच. इंग्रजीत 'अपलोड झालं' हे एकच वाक्य सगळ्यांना चालतं. मराठीत फोटो अपलोड झाला, पावती अपलोड झाली, आधार कार्ड अपलोड झालं. अनेकवचनात आणखी गंमत. एक तिकीट, दोन तिकिटं. एक मिनिट, पाच मिनिटं. पण एक तास, पाच तास. इंग्रजीत शेवटी एक अक्षर जोडून भागतं, इथे प्रत्येक शब्दाचा स्वभाव वेगळा.

यावर उपाय आहेत आणि ते अवघडही नाहीत. 'कुठून: ठाणे, कुठे: कल्याण' असं लिहिलं की प्रत्ययाची कटकटच संपते. फोटो, पावती, कार्ड यांची पूर्ण वाक्यं वेगवेगळी लिहिली की लिंग सांभाळलं जातं. एकवचन-अनेकवचनासाठी अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे तयार सोय आहे. अट एकच, लायब्ररी लिहितानाच हे डोक्यात हवं. वाक्य तुकड्यातुकड्यांत कोडमध्ये पेरून ठेवलं असेल तर नंतर जगातला कुठलाही भाषांतरकार ते सरळ करू शकत नाही.

अजून एक साधी अडचण म्हणजे उंची. देवनागरीला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार लागतात. इंग्रजीच्या मापाने कापलेल्या बटणात ते मावत नाहीत. अर्धी वेलांटी छाटलेली बटणं तुम्हीही पाहिली असतील.

कल्याण-डोंबिवलीचा यात काय संबंध?

संबंध जुना आहे, आणि अभिमानाचाही.

१९८३ मध्ये स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवली महापालिकेने २००० च्या दशकाच्या सुरुवातीलाच कामकाज संगणकावर आणलं. जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि त्यासाठी नागरी सुविधा केंद्र. ही व्यवस्था इतकी गाजली की पुढे राज्य सरकारने तेच मॉडेल महाराष्ट्रातल्या इतर नगरपालिका-महापालिकांमध्ये नेण्याचं धोरण घेतलं. एका शहरासाठी बांधलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या शहरांनी वापरायचं, म्हणजे विचार लायब्ररीचाच.

शेजारच्या ठाण्याने २०१८ मध्ये उलट दिशेचा प्रयोग केला. इस्रायलमधल्या तेल अवीव शहराच्या 'डिजिटेल' उपक्रमाच्या धर्तीवर 'डिजीठाणे' सुरू झालं. तिकडची कल्पना इकडे आली.

दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की मुद्दा लख्ख होतो. पालिकेची पावती, दाखला, बिल मराठी माणसाच्या हातात जाणार हे गृहीत धरून एखादी गोष्ट कल्याणमध्ये बांधली जाते, तेव्हा ती जिथे जाईल तिथे मराठी सोबत घेऊन जाते. बाहेर बांधलेली गोष्ट आणतो, तेव्हा कल्पना आयात होते, वाक्यं मात्र आपल्यालाच लिहावी लागतात. ती लिहायची राहिली तर मूळ भाषा तशीच डोकावते.

कायदा काय म्हणतो?

पालिकांपुरतं बोलायचं तर २०२२ मध्ये विधिमंडळाने स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा कायदा केला आणि महापालिकांच्या कामकाजात मराठी बंधनकारक झाली. पण समजा एखाद्या पालिकेचं ॲप पूर्ण मराठीत आहे आणि 'कर भरा' दाबल्यावर पेमेंटची लायब्ररी इंग्रजीत उघडते. मग कायदा पाळला गेला का? कागदावर कदाचित हो. कर भरणाऱ्याच्या अनुभवात नाही.

कर्जाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केलं की कर्जाच्या मुख्य अटींचं विवरणपत्र कर्जदाराला समजेल अशा भाषेत असलं पाहिजे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट पुढे आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. तुमची माहिती घेण्याआधी दिली जाणारी सूचना आणि मागितली जाणारी संमती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय तुम्हाला मिळाला पाहिजे, असं हा कायदा सांगतो. त्या २२ भाषांत मराठी आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीच्या तरतुदींसाठी कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत मिळाली. म्हणजे मे २०२७ च्या सुमारास हे लागू होईल.

आता मावशीने दाबलेलं ते 'मी सहमत आहे' आठवा. असं पान पुष्कळदा लायब्ररीतूनच येतं. जबाबदारी मात्र कायद्याने माहिती गोळा करणाऱ्या मूळ कंपनीवर टाकली आहे. 'ते पान आमचं नाही, बाहेरच्या लायब्ररीचं आहे' ही सबब तिथे पुरणार नाही.

कंपन्या हे स्वतःहून का करत नाहीत?

त्यांची बाजूही ऐकू. प्रत्येक नवीन आवृत्तीत वाक्यं बदलतात, भाषांतर पुन्हा तपासावं लागतं. कायदेशीर मजकुराचं भाषांतर चुकलं तर भानगड होते. आणि नेहमीचा युक्तिवाद असतो की मराठी निवडणारे ग्राहक आहेतच किती?

हा शेवटचा मुद्दा फसवा आहे. अर्धवट, कृत्रिम मराठीला कंटाळून लोक पुन्हा इंग्रजीवर जातात. मग आकडेवारी दाखवते की मराठी कुणी वापरत नाही. मग त्यावर आणखी कमी खर्च होतो. चक्र सुरूच राहतं.

ते मोडतं कसं, हेही आपण पाहिलंय. ऑक्टोबर २०२० मध्ये मनसेने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टकडे मराठीची मागणी केली, डिसेंबरमध्ये तोडफोड आणि कोर्टबाजीपर्यंत प्रकरण गेलं. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲमेझॉन मराठीत आलं. तोडफोडीचं समर्थन करायची गरज नाही. पण एरवी मागे ढकललेलं काम मागणी जोरात आल्यावर वर्षभरात होतं, हे यातून दिसलं.

लायब्ररीचं काम तर त्याहून कितीतरी लहान आहे. खरेदीच्या ॲपमध्ये वस्तूंची वर्णनं अगणित असतात. चेहरा तपासणाऱ्या लायब्ररीत वाक्यं मोजकीच असतात. ती एकदा नीट मराठीत लिहिली की ती वापरणाऱ्या प्रत्येक ॲपला भाषांतर आयतं मिळतं. एवढ्या थोड्या कष्टात एवढ्या लोकांपर्यंत पोहोचणारं मराठीचं काम दुसरं क्वचितच असेल.

अँड्रॉइडवर तर ॲपवाल्याला लायब्ररीवाल्याची वाट पाहायचीही गरज नसते. लायब्ररीतल्या वाक्याचं जे अंतर्गत नाव आहे, त्याच नावाने आपल्या ॲपच्या मराठी कप्प्यात वाक्य लिहिलं की ॲपचं वाक्य वरचढ ठरतं. 'बाहेरचा कोड आहे, आमच्या हातात नाही' असं कुणी सांगितलं, तर हा मुद्दा समोर ठेवा.

तुम्ही काय करू शकता?

आधी सेटिंग तपासा. अँड्रॉइड १३ किंवा पुढचा फोन असेल तर सेटिंग्जमध्ये भाषेच्या विभागात 'ॲपच्या भाषा' शोधा आणि तिथून मराठी निवडा. ॲपच्या आतल्या पर्यायापेक्षा हा मार्ग लायब्ररीपर्यंत पोहोचण्याची शक्यता जास्त.

तरीही इंग्रजी आलं तर स्क्रीनशॉट काढा. 'ॲप मराठीत करा' एवढीच तक्रार केली तर उत्तर येतं, 'आधीच आहे'. त्याऐवजी लिहा, 'संमतीचं पान इंग्रजीत आहे, मराठी निवडूनही'. नेमकी तक्रार टाळणं अवघड असतं. स्क्रीनशॉटवरचा खाते क्रमांक, फोन नंबर आधी झाका.

आणि तुम्ही स्वतः कोड लिहीत असाल तर? ठाणे-कल्याण पट्ट्यातून रोज आयटीतली कितीतरी मंडळी ऐरोली, महापे, पवईला जातात. अनेक लायब्ररी मुक्त स्रोताच्या असतात, त्यात कुणालाही भाषांतराची भर घालता येते. एक फाईल, मोजकी वाक्यं, लोकलमधल्या तीन-चार फेऱ्यांचं काम.

जुलै २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, मीरा रोडला, मराठी बोलण्यावरून केवढा वाद पेटला आणि मोर्चे निघाले ते सगळ्यांनी पाहिलं. दुकानाच्या काउंटरवरची भाषा दिसते, म्हणून तिच्यावर भांडण होतं. लायब्ररीतली भाषा दिसत नाही. ती दिसते तेव्हा समोर 'मी सहमत आहे' एवढंच बटण असतं आणि मागे वळायला जागा नसते.

मावशीचं खातं शेवटी उघडलं. दुसऱ्या दिवशी चष्मा काढून, मी फोनवर एकेक ओळ सांगत असताना. ती एवढंच म्हणाली, "अगं, चष्मा काढा म्हणायला त्यांना मराठी येत नव्हतं होय? मी तर लगेच काढला असता."